उतारावरचं निंदण

हेमराज गुरनुले पहिल्यांदा सोमारीबाईंच्या अंगणात उतरले ते सोमवारी सकाळी साडेआठला, बसल्या अवस्थेत, दोन्ही हातांत तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, एकेक झुडूप घेऊन.

सोमारीबाई मडावी दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. वरच्या टेकाडावर राहणारे गुरनुले साहेब त्यांच्या चांगले ओळखीचे. पण आजवर ते फाटकातून यायचे आणि येण्याआधी आवाज द्यायचे.

"काऊन जी भाऊ," त्या म्हणाल्या, "फाटक तर उघडंच होतं."

"नाई बाई, मी वरती निंदण करून राह्यलो होतो," हेमराज म्हणाले आणि उठून पँटची मागची बाजू झटकू लागले. ओला चिखल झटकून निघत नाही, हे आयुष्यभर धानाच्या चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं.

सोमारीबाईंनी लोटाभर पाणी दिलं. ते पिऊन हेमराज फाटकातून बाहेर पडले. आल्या वाटेनं वर जाण्याची सोयच नव्हती. घरी जायचं तर गल्ली संपवून मोठ्या रस्त्याला लागायचं, कोलूच्या चहाटपरीवरून वळसा घ्यायचा आणि मग चढ चढायचा. यायला चार सेकंद, जायला दहा मिनिटं, आणि ती दहाही मिनिटं लोकांच्या डोळ्यांदेखत.

"साहेब, चहा घ्या ना," कोलूनं हाक मारली. मग त्याला साहेबांची मागची बाजू दिसली. "उभ्यानंच देऊ का?"

या सगळ्याचं मूळ होतं परीक्षकांच्या एका वहीत. हेमराजांनी सिंदेवाहीला सरकारी भात संशोधन केंद्राच्या शेतावर चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बरीचशी तणाशी झगडण्यात घालवली. धानातलं कुठलंही तण दोन पानांवर असतानाच ते नावानिशी ओळखत. या काळात त्यांच्या बायकोनं, साधनाबाईंनी, सहा भाड्याची घरं बदलली. त्यांना झाडांचा भारी नाद. पण माती स्वतःची नाही, म्हणून त्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत रोपं लावायच्या. दर वेळी घर बदललं की डबे टेम्पोत चढायचे आणि निम्मी रोपं वाटेतच माना टाकायची. नवरा दिवसभर सरकारी वावरात हजारो रोपं लावून यायचा. घरी एक मिरची लावायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही. निवृत्त झाल्यावर हेमराजांना याचं मनापासून वाईट वाटू लागलं होतं, आणि ते वाईट वाटणं ते बायकोसमोर कधी बोलून दाखवत नसत.

मग गडचिरोलीच्या कडेला, टेकाडावर, त्यांनी घर बांधलं. स्वयंपाकघरामागे दहा फूट सपाट पट्टी, आणि त्यापुढे जमीन जी खाली कोसळायची ती थेट सोमारीबाईंच्या अंगणापर्यंत. त्या दहा फुटांत साधनाबाईंनी जन्माची हौस भागवून घेतली. बांबूचा मांडव, त्यावर कारली आणि दोडकी, खाली पालक, वांगी, कडेला मोगरा. गेल्या साली बचत गटांच्या संघानं परसबागांची स्पर्धा घेतली, तेव्हा त्यांचा दुसरा नंबर आला. परीक्षक दिव्यानी मॅडमनी वहीत शेरा लिहिला होता, "परसबाग उत्तम. मात्र मागील उतारावर तण."

साधनाबाई शेरा वाचून पालकाला पाणी घालायला गेल्या. हेमराजांना मात्र ते वाक्य घासागणिक आठवू लागलं. ज्यानं जन्मभर तण काढलं, त्याच्याच घरामागे तण, आणि त्यापायी बायकोचा नंबर हुकावा!

"पुढच्या साली पयला नंबर तुहाच," त्यांनी तेव्हाच जाहीर केलं होतं. "त्या उतारावर एक काडी दिसू देत नाई मी."

आणि आता स्पर्धा येत्या रविवारवर आली होती. जुलैचा शेवट, सगळा मुलूख धानाच्या रोवण्यात, म्हणजे लावणीत, वाकलेला. तण काढायला मजूर मागणाऱ्याकडे लोक कीव आल्यासारखे पाहत. म्हणून साहेब स्वतःच उताराला भिडले.

अडचण एवढीच होती की त्या उतारावर उभं राहायचं तर तणालाच धरावं लागे. धरलेलं उपटायचं तर आधी शेजारचं धरायचं. शेजारी तण होतं तोवर काम झकास चाले. पण हेमराज पडले काटेकोर. जिथे बसत तिथलं आजूबाजूचं सगळं साफ करत, आणि धरायला काही उरलं नाही की सोमारीबाईंकडे जात.

मंगळवारी ते दोनदा गेले. दुसऱ्या वेळी सोमारीबाईंनी पाण्याचा लोटा भरूनच ठेवला होता. बुधवारी पाहतात तो ते जिथे टेकायचे नेमक्या तिथे भाताच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, ढीग.

"पाठीले लागन जी," सोमारीबाई म्हणाल्या. "तुमचं वय का आता घसरगुंडीचं आहे?"

"बाई, अर्धा उतार साफ झाला."

"तो पाहूनच राह्यली मी. पण भाऊ, तरोटा काऊन फेकता? कवळा पाला आणत जा येताना. भाजी होते."

येताना भाजी आणायची, असा घसरण्याचा उपयोग हेमराजांना सुचला नव्हता. पुढच्या खेपेला त्यांनी खरोखरच आहेर द्यावा तशी एक जुडी आणून दिली. त्यावर खूश होऊन सोमारीबाईंनी त्यांना तोडगा सांगितला.

"माह्या चार बकऱ्या सोडा ना वरती. दोन घंट्यात मैदान करतात."

हेमराजांना ते पटलं. बकरीला चार पाय असतात आणि ती घसरत नाही, एवढा विचार त्यांनी केला. बकरी तरोट्याला तोंड लावत नाही, हा विचार त्यांच्याकडून राहून गेला. बकऱ्यांनी उतारावरचं कोवळं कोवळं गवत तेवढं चाखलं, तरोट्याला नाक मुरडलं आणि रांगेनं वर चढून साधनाबाईंचा पालक जमिनीसपाट केला. वांग्याला तोंड घालणार तेवढ्यात साधनाबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या.

"अजी!" त्यांचा आवाज कोलूच्या टपरीपर्यंत गेला. "या बकऱ्या कोणं आणल्या?"

"चढल्या त्या," हेमराज म्हणाले.

"अन् सोडल्या कोणं?"

हेमराजांनी वाफ्याकडे पाहिलं. पालकाचे देठ तेवढे उभे होते. ते पाहून त्यांना इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की त्या रात्री त्यांनी ठरवलं, आता ऐकीव उपाय बंद. आता आपली स्वतःची विद्या.

गुरुवारी सकाळी ते फावडं घेऊन उतारावर बांधी घालू लागले. बांधी म्हणजे धानाचा वाफा, चारी बाजूंनी मातीचा बांध, म्हणजे धुरा, आणि आत पाणी.

साधनाबाई वरून पाहत होत्या. "अजी, उतारावर कुठी बांधी होते का?"

"काऊन नाई होत? पायऱ्या पायऱ्या करून घालाची. तण म्हंजे शेवटी काय? तीन दिवस पाण्यात बुडवून ठेव, खलास."

"अन् पाणी थांबन तिथी?"

"चौतीस साल पाणीच थांबवलं मी."

"ते सपाट वावरात."

हेमराजांनी हे ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. दुपारपर्यंत एकाखाली एक तीन बांध्या तयार झाल्या. काम देखणं होतं, हे कुणीही कबूल केलं असतं. चिकणमातीचे धुरे पायानं तुडवून असे गुळगुळीत केले होते की हात फिरवावासा वाटे. मंगळवारपासून पावसानं दडी मारली होती, म्हणून त्यांनी बोअरची मोटर लावून बांध्या काठोकाठ भरल्या. शुक्रवारी संध्याकाळी तरोटा पिवळा पडला. तीन बांध्यांमधलं पाणी उन्हात चमकत होतं.

"दिसते तर चांगलं," साधनाबाई म्हणाल्या.

बस. हेमराजांनी रात्री दोनदा भात मागून घेतला.

शनिवारी दुपारी साधनाबाई गटाच्या मीटिंगला गेल्या. हेमराजांनी शेवटचं पाणी भरायला मोटर सुरू केली आणि बांध्यांवरून नजर फिरवली. सगळ्यात खालच्या धुऱ्यावर एकच तरोटा मान वर काढून उभा होता. आणखी कुणी असता तर त्यानं सोडून दिला असता. हेमराज खाली उतरले, त्याला दोन्ही हातांनी धरलं, आणि तो निघाला.

"आले का भाऊ?" सोमारीबाईंनी लोटा पुढे केला.

मोटर वर सुरू होती, म्हणून हेमराज पाणी घाईघाईनं प्यायले आणि झपाझप निघाले. पण वाटेत कोलूची टपरी होती, आणि टपरीवर रोवण्याहून परतलेले चार शेतकरी बसले होते.

"साहेब," कोलू म्हणाला, "तुमी उतारावर बांध्या घातल्या म्हणते. हे लोक मानतच नाई."

हेमराज थबकले. घसरून आलेल्या माणसाला गेले पाच दिवस ज्यांनी हसून घेतलं, तेच लोक आता जागा करून देत होते. दोनच मिनिटं, असं स्वतःला सांगून ते बसले. त्यांनी पेन मागितला. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तीन बांध्या काढल्या, पाणी दाखवलं, बाण काढले. धुऱ्याला माती कुठली घ्यायची ते सांगितलं. मग भातातल्या तणाच्या जाती सांगितल्या. दुसरा चहा आला. "पाण्याले वळण लावता आलं पायजे," ते म्हणत होते, "पाणी मंग आपलं ऐकते," आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सोमारीबाई दिसल्या. त्या पळत नव्हत्या, पण पदर खोचलेला होता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमची बाग आली."

"कुठी आली?"

"माह्या घरी. आधी पाणी आलं. मंग चिखल आला. मंग मांडव आला. उभ्या उभ्या आला जी, पाहुण्यावाणी."

हेमराजांनी हातातला पेन टाकला. ते धावले, आणि त्यांच्यामागे सगळी टपरी धावली. सोमारीबाईंच्या अंगणात, त्यांच्या रोजच्या तणसाच्या ढिगाला टेकून, साधनाबाईंचा मांडव उभा होता. थोडा तिरपा, पण उभा. कारली लोंबत होती. वांग्यांची ओळ जशीच्या तशी होती, तिची दिशा तेवढी बदलली होती. मोगरा गोठ्याच्या दाराशी जाऊन थांबला होता, आणि चारही बकऱ्या दावी ताणून त्याच्याकडे पाहत होत्या. बांध्या फुटून उतार मागच्या पट्टीसकट खाली घसरला होता, आणि वर उरला होता तो नागवा, लालभडक, ओला. त्यावर एक काडी नव्हती.

टपरीवरचे लोक हसले नाहीत. हेमराज तणसावर बसले, अगदी रडायच्या बेतात. जिला चौतीस वर्षांत एक मिरची लावून दिली नाही, तिची आख्खी बाग आपण एका दुपारी खाली आणून सोडली. आणि परीक्षक उद्या दहाला येणार.

कोलूनं वर जाऊन मोटर बंद केली. थोड्या वेळानं टेकाडाच्या कडेला साधनाबाई दिसल्या, खांद्यावर पिशवी तशीच. त्यांनी आधी समोर पाहिलं, मग खाली.

"अजी!"

"हो!" हेमराज खालून ओरडले.

"मांडव कुठी आहे?"

"इथी आहे!"

"अन् वांगे?"

"ते बी इथीच आहेत!"

 मग साधनाबाई वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. त्या रस्त्यानं येणार, म्हणजे दहा मिनिटं. ही दहा मिनिटं हेमराजांना चौतीस वर्षांपेक्षा लांब वाटली. सोमारीबाईंनी त्यांना आणखी एक लोटा पाणी दिलं.

साधनाबाई फाटकातून आल्या. मांडवाभोवती एक फेरी घातली. वाकून वांग्याच्या बुडाशी हात घातला, मुळं मातीत घट्ट होती. मोगऱ्याचं एक पान उलटून पाहिलं. मग नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साधना," हेमराज म्हणाले, "मी तुहा नंबर घालवला. मले माफ कर."

हे त्यांनी चारचौघांत म्हटलं, आणि साधनाबाईंचे ओठ थरथरू लागले. सोमारीबाईंना वाटलं, आता बाई रडतात. पण साधनाबाई हसत होत्या. आधी आवाज नव्हता, मग खांदे हलू लागले, मग त्यांना मांडवाचा बांबू धरावा लागला.

"सहा घरं बदलले मी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "डबे भरा, टेम्पो बोलवा, दोऱ्या बांधा. तरी अर्धे मरत. अन् हे पाहा, ना डबा, ना टेम्पो, अन् एक बी मेलं नाई! सोमारीबाई, मांडवाले एक टेका द्या वं. अन् तुमी बसले काय? पाणी घाला झाडाईले. नाई, थांबा. पाण्याले तुमी हात लावू नोका."

रविवारी बरोबर दहाला दिव्यानी मॅडम वरच्या फाटकातून आल्या. हातात वही, पायात चपटे सँडल, बोलणं अगदी छापील.

"नमस्कार. गेल्या वर्षीची आपली परसबाग माझ्या लक्षात आहे. कुठे आहे ती?"

"खाली," साधनाबाई म्हणाल्या.

"खाली म्हणजे नेमकी कुठे?"

मॅडम पाहायला कडेशी गेल्या. हेमराज "मॅडम, तिथी नोका" म्हणेपर्यंत त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं होतं. गुळगुळीत धुऱ्याचा तेवढा एक तुकडा शिल्लक होता, नेमका त्यावर. हेमराजांनी धावत जाऊन त्यांना धरलं, आणि मग दोघं मिळून गेले.

तणस खाली होतंच. सोमारीबाई लोटा घेऊन बाहेर आल्या आणि पाहतच राहिल्या.

"अवं माय, आज दोघं?" त्या म्हणाल्या आणि दुसरा लोटा आणायला आत गेल्या.

दिव्यानी मॅडमच्या केसांत तणस होतं आणि वही छातीशी घट्ट धरलेली होती. छापील बोलणं उतारावरच कुठेतरी राहून गेलं होतं.

"काय जी हे!" त्या म्हणाल्या. "धरायले एक काडी नाई का तिथी?"

"होती," हेमराज खाली मान घालून म्हणाले. "मीच उपटली."

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी वहीतल्या शेऱ्यापासून बकऱ्यांपर्यंत. तोवर साधनाबाई रस्त्यानं येऊन पोचल्या. सोमारीबाईंनी सगळ्यांना बाजेवर बसवलं आणि समोर भात, कारल्याचे काप आणि तरोट्याची भाजी ठेवली. मॅडमनी भाजी दोनदा घेतली. जेवताना त्या मांडवाकडे, वांग्यांकडे, मोगऱ्याकडे पाहत होत्या.

"बाग चांगली आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण लिहू कोणाच्या नावावर? नियमात आहे, ज्याचं अंगण त्याची बाग."

"बाईची आहे," सोमारीबाई लगेच म्हणाल्या. "माहं त्यात काही नाई."

"काऊन नाई?" साधनाबाई म्हणाल्या. "रातभर बकऱ्याईपासून कोणं राखली? टेका कोणं देल्ला? आता ती इथी रुजली. मी काही तिले पुन्हा हलवत नाई. सातव्यांदा नाई. दोघींची लिहा."

दिव्यानी मॅडमनी पेन काढलं. नियमांच्या पानावर एक रेघ मारली, दोन नावं लिहिली आणि पुढे एकचा आकडा काढला. हेमराज मान लांब करून वाचत होते. पहिला नंबर पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी खालचा शेरा वाचला.

"परसबाग उत्तम. मात्र मागील उतारावर तण नाही. त्वरित लावावे."

पुढच्याच आठवड्यात वावरातले रोवणे आटोपले आणि गटातल्या बायका शेवटचा रोवणा करायला उतारावर आल्या. सोमारीबाईंनी तरोटा, रानतुळस आणि खोल मुळाचं गवत यांच्या जुड्या बांधून आणल्या होत्या. कमरेला दोर बांधून बायका एका ओळीत वाकल्या आणि रोवण्याची गाणी सुरू झाली. हेमराजांनी वरून खालपर्यंत सुतळी ताणली. तण झालं म्हणून काय झालं, ओळ सरळच हवी.

रस्त्यावरून कोलूनं विचारलं, "साहेब, कोणता धान रोवून राह्यले?"

"तरोटा," हेमराज ताठ मानेनं म्हणाले. "अन् बकऱ्या सांभाळा. पीक आहे."

महिन्याभरात उतार हिरवागार झाला. साधनाबाई रोज सकाळी टोपली घेऊन खालच्या बागेत जात आणि सोमारीबाईंशी गप्पा मारून उन्हं चढल्यावर परत येत. एके दिवशी त्या टोपली घेऊन निघणार, तोच त्यांना हेमराज उताराच्या मध्यावर वाकलेले दिसले. तरोट्याच्या सरळ ओळीत एक चुकार रोप वर आलं होतं. मांडव खाली जाताना सांडलेलं बी असणार. नाजूक, वेलाचं, कारल्याचं रोप. हेमराजांचे डोळे बारीक झाले. चौतीस वर्षांची सवय होती. ओळीत जे आपण लावलं नाही ते काढायचं. त्यांचा हात पुढे गेला.

"अजी!" वरून आवाज आला.

हेमराज दचकले, पाय सुटला, खडे घरंगळले. त्यांनी घाईघाईनं शेजारचा तरोटा धरला. तरोटा वाकला, ताणला गेला, आणि घट्ट राहिला.

खाली खड्यांचा आवाज ऐकून सोमारीबाई लोटा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"आले का भाऊ?"

"नाई बाई," हेमराज तरोट्याला धरून, हसत ओरडले. "आज नाई येत."

सोमारीबाईंनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग लोट्यातलं पाणी त्यांनी मोगऱ्याला घातलं आणि आत गेल्या.